वरून पाहिलेलं

बाबांचे गुडघे आता शिडीला ओळख देत नाहीत,
म्हणून गाडी मी चालवते.
भाड्याची रनो, चार दिवसांची,
आरशाला आधीच्या कुणाचा तरी लॅव्हेंडरचा वास लटकलेला.
आंद्र नदी डाव्या हाताला, मग उजव्या, मग नाहीच.
सूर्यफुलं माना खाली घालून उभी,
अख्ख्या वर्गाला शिक्षा व्हावी तशी.
गोल चौकात मी दोनदा चुकते.
बाबा हसत नाहीत. ते ढग बघतात.
"वायव्येचा आहे," म्हणतात, "पण चारपर्यंत दम धरेल."

पहिला शातो, मोंब्रेयी.
तिकीट चौदा युरो, ज्येष्ठांना बारा.
खिडकीतली मुलगी विचारते, याआधी आला होतात?
"सोळा हिवाळे."
"मग आतला जिना ठाऊकच असेल."
"आत कधी आलो नाही, पोरी.
आमची वाट बाहेरून होती."

दालनात लुदिव्हीन नावाची गाइड
सरदारणीचा पलंग दाखवते,
भिंतीवरच्या गालिच्यातला लांडगा दाखवते,
लांडग्याच्या डोळ्यात खरं चांदीचं सूत आहे म्हणते.
सगळे लांडग्याकडे.
बाबा मान मागे टाकून छताच्या कोपऱ्याकडे,
जिथे पाण्याचा एक डाग, वाळलेल्या चहासारखा.
"तो माझा," ते माझ्या कानात सांगतात,
शाळेच्या फोटोत आपलं मूल दाखवावं तसं.
"चुलाण्याच्या धुराड्यालगत. शिसं कमी पडलं होतं.
मालक म्हणाला, चालेल."

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत.
बाबांनी इथे कधी काही खाल्लंच नव्हतं.
वासे तेवढे मोजले,
ओकचे, दोनशे अकरा,
आणि वर काळ्या दगडाच्या पाट्या,
प्रत्येकीला तांब्याचे दोन खिळे.
पाटीच्या उजेडाकडच्या अंगावर पाऊस लिहितो.
अंधाराकडच्या अंगावर ते लिहायचे, खिळ्याच्या टोकानं.
"नाव?"
"नाव कशाला? पावाचा भाव लिहायचो.
एकदा तुझं वजन लिहिलं, जन्मलीस त्या आठवड्यात."
कुठल्या छपरावर, ते आठवत नाही.

दुपारी धरणाच्या भिंतीवर बसून
अक्रोडाचा पाव, आणि ते चीज
ज्याचा वास गाडीत आता नवव्या प्रवाशासारखा.
(सोमवार. दुसरं काही उघडं नव्हतं.)

तिसऱ्या शातोशी बाबा पट्टा सोडत नाहीत.
"तू जाऊन ये."
मी जात नाही.
काचेपलीकडे मनोरा, त्याची टोपी निमुळती,
खंदकात बदकं, एक बाई मुलाला बिस्किट मोडून देणारी.
"तेव्हा खंदकात पाणी नव्हतं," ते म्हणतात.
तेओफानची गोष्ट मी अर्धीच ऐकलेली, आईकडून.
एकाहत्तरचा नोव्हेंबर, पाट्यांवर गोठलेलं दव.
"त्या दिवसाची मजुरी त्याच्या बायकोला अर्धीच दिली.
म्हणे, काम दुपारपर्यंतच झालं."
फुलं आणू का, मी विचारते, गावात दुकान होतं.
"ठेवणार कुठे?
तो वर गेला तो कामाला गेला.
खाली आलेलं मी मोजत नाही."
बराच वेळ गाडी चालू,
इंजिन बंद करायचं माझ्या लक्षातच नाही.

चार वाजून सहा मिनिटांनी पाऊस.
बाबा घड्याळ बघतात, किंचित नाराज.
चौथा शातो अजून एकोणीस किलोमीटर,
त्याचा आरसेमहाल, त्याची चॉकलेटची दुकानं.
"थांब, थांब!"
रस्त्याकडेला एक साधं घर, डुकरांचा गोठा लागून,
वळचणीच्या तीन पाट्या घसरलेल्या.
ते उतरलेसुद्धा, टोपी न घेता,
काठीनं वर दाखवत फाटकाशी ओरडतायत.
दारात म्हातारी, हातात पळी,
आधी रागावलेली, मग तीही वर बघते.
दोघं भिजत वर बघतायत.
मी वायपर थांबवते.
आता बराच वेळ लागणार.